इशारा मिळाला की आठवतं

घाटकोपरला उतरले, पुलाच्या पायऱ्या चढून वर आले आणि तिथेच थांबले. मी इथे का उतरले? राहते भांडुपला, ऑफिस फोर्टला. मागून येणारी गर्दी खांद्याला घासून मेट्रोकडे चालली होती आणि मी कठडा धरून उभी. स्टेशनचं नाव वाचता येत होतं, घरचा पत्ता पाठ होता, फक्त मधला धागा तुटला होता. रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला आणि चष्म्याच्या दुकानाची पावती हाताला लागली. लेकीचा चष्मा! त्यासरशी सगळं परत आलं. ती गल्ली, ते दुकान, सकाळी तिला दिलेला शब्द.

चष्मा घेतला, घरी आले, कुणाला काही बोलले नाही. रात्री मात्र खूप रडले.

मला ल्युपस आहे. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. दर १० रुग्णांमध्ये साधारण ९ बायका असतात. सांधे धरायचे, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, अंगात कणकण असायची. एएनए ही रक्ताची तपासणी आणि पुढच्या तपासण्या होऊन निदान झालं, तेव्हा सांधे, किडनी, डोळे यांबद्दल सगळं समजावून सांगितलं गेलं. डोक्याबद्दल ना मी विचारलं, ना विषय निघाला.

मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न, या तारखा झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. आणि तरीही एका महिन्यात ३बी भरायचा राहिला. भरला नाही हे वाईट, पण त्याहून भीतीदायक हे, की 'मी भरला' अशी माझी पक्की खात्री होती. तीन दिवसांनी साहेबांनी विचारलं तेव्हा पोर्टल उघडून दाखवायला गेले आणि हात गार पडले. दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर व्याज. रक्कम फार नव्हती. पण चौदा वर्षांत माझ्या टेबलावरून एक तारीख चुकली नव्हती.

घरी तेच. दूध उतू जाणं, गॅस चालू राहणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं. बोलता बोलता साधा शब्द जिभेवर येऊन अडायचा. सासूबाईंनी रोज रात्री बदाम भिजत घालायला सुरुवात केली. मी ते मायेने खाल्ले. पण 'अगं, वयच झालं आता, आमचंही असंच होतं' असं कुणी म्हणालं की आत काहीतरी तुटायचं. मी ४१ वर्षांची होते. आणि मी लपवत होते, सारखी हसून वेळ मारून नेत होते. त्या लपवण्यातच अर्धा जीव जायचा.

शेवटी परळला डॉक्टरांकडे तपासणीला गेले, तेव्हा सांध्यांच्या आधी हेच सांगितलं. आठवणार नाही म्हणून आठ दिवस कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि एका ताईंकडे पाठवलं. त्यांनी माझी ३० गुणांची चाचणी घेतली. घड्याळ काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवा, १०० मधून ७ वजा करत जा. ९३, ८६, ७९... ते मी धडाधड सांगितलं, आकडेमोड रोजचीच. पण सुरुवातीला ऐकवलेले पाच शब्द पाच मिनिटांनी विचारले, तर दोनच आठवले. बाकीच्या जागी पांढरं. मग त्या म्हणाल्या, "एक शरीराचा भाग होता बघा." आणि शब्द आला! दुसऱ्यालाही असाच इशारा दिला, तोही आला. पाचवा काही आला नाही.

२४ गुण पडले. २६ च्या खाली म्हणजे लक्ष द्यायला हवं. पण ताईंनी पेन खाली ठेवून जे सांगितलं ते मी घरी जायच्या आधीच लिहून घेतलं : "पुसलं गेलेलं नाही. आत आहे. बाहेर काढायला तुम्हाला खूण लागते."

डॉक्टरांनी कारणंही शोधली, कारण डोक्यातल्या या धुक्यामागे, म्हणजे अशा विसरण्या-अडखळण्यामागे, एकच गोष्ट नसते. आजार स्वतः, वेदना, मोडलेली झोप, स्टेरॉइड, मनावरचं ओझं, सगळं एकावर एक चढतं. थायरॉइड ठीक होता, बी-१२ मात्र बरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली. थोडा फरक पडला, सगळा नाही. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली : धुकं येतं-जातं, पण अचानक गोंधळायला झालं, फिट आली, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा हातापायातली ताकद गेली, तर धुकं समजून घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मग मी घरभर खुणा पेरल्या. गोळ्यांपासून सुरुवात केली, कारण 'घेतली की नाही' या प्रश्नात चूक परवडणारी नव्हती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची गोळी वजनाच्या हिशेबाने देतात, जास्त झाली तर डोळ्यांच्या पडद्याला धोका. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करता येत नाही. सात खणांची डबी आणली. रविवारी संध्याकाळी लेक आणि मी मिळून भरतो, ती वार वाचते, मी गोळी टाकते. सकाळी खण रिकामा दिसला की घेतली. आठवण्याचा प्रश्नच उरत नाही. डबी चहाच्या डब्याला टेकून असते, कारण चहा मी कधी विसरत नाही. गॅस पेटवला की बटण बंद होईपर्यंत ओट्यापासून हलायचं नाही. ऑफिसात रिटर्न भरला की पोचपावतीची प्रिंट काढून त्या महिन्याच्या फाइलला लावते. कागद नाही म्हणजे काम झालेलं नाही.

साहेबांना सांगायला सर्वांत वेळ लागला. घसा कोरडा पडला होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, २० तारखेला सकाळी मी एकदा विचारत जातो." बस्स, एवढंच. आणि ते आजही विचारतात.

गाडीतल्या आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपलाही सांगितलं. आता विक्रोळी गेली की कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवतं, "कांजूर येतंय गं."

वाईट दिवस अजून येतात. पाळीच्या आधी, रात्री झोप झाली नाही तर, मे महिन्यातल्या उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागलं तर हमखास. अशा दिवशी मी आकड्यांचं काम पुढे ढकलते आणि तसं उघड सांगते.

परवा पुऱ्या तळत होते. तेल तापलं, पहिली पुरी टम्म फुगली आणि मला ते हवं होतं ते, भोकांचं, लांब दांड्याचं. हात पुढे करून उभी राहिले, नाव येईना. लेक शेजारीच पुऱ्या लाटत होती. तिला कळलं. तिने ते उचललं, पण लगेच दिलं नाही.

"झ," ती म्हणाली.

पुरी कडेने तांबूस व्हायला लागली होती.

"झारा," मी म्हणाले.