टाळ वाजत राहिले की

आमची दिंडी ठाण्याची. कळवा, खारेगाव, कोपरी इथली माणसं आणि माझ्यासारखे ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे काही नवखे. दिंडीतल्या जेवणखाण्याची वर्गणी, म्हणजे भिशी, भरून झाली की पाय तयार करायला रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याने चालायचं. ठाण्याच्या उकाड्यात सराव झाला की दिवे घाट जड जात नाही, असं जुनी मंडळी सांगतात. जातो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं आणि आम्ही चालू लागलो. मी ऑफिसात एका टीमचा लीड, त्यामुळे ही दिंडी नेमकं चालवतं कोण, हेच डोक्यात. पुढे झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाज, विणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अभंग कुठला घ्यायचा ते विणेकरी ठरवतात. दिंडीप्रमुख पुढे दिसेचनात. सासवडच्या अलीकडे सापडले, सगळ्यांत मागे, गुडघे धरून चालणाऱ्या एका आजींच्या शेजारी. "चला लवकर" असं ते कुणालाच म्हणत नव्हते. आजी थांबल्या की तेही थांबायचे.

पण मला खरा उलगडा झाला तो तळावर, समाजआरतीच्या वेळी. पालखी मुक्कामी पोचली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. लोणंदला त्या टाळांत आमचेही होते. आमच्या राहुट्यांच्या जागेवर दुसऱ्याच कुणाचे ट्रक उभे होते आणि बायकांना आंघोळीला आडोसा उरला नव्हता. चोपदार चालत आमच्यापाशी आले. मध्ये एक शब्द न बोलता सगळं ऐकलं, दुसऱ्या बाजूला विचारलं आणि ट्रक हलवायला सांगितले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा, उद्या निघायची वेळ, आणि त्यानंतर आरती. तोवर सगळे ताटकळत उभे, पण कुरकुर नाही. उद्या त्यांचेही टाळ वाजू शकतात ना!

सोहळ्याला ही शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार. लष्करात वाढलेल्या माणसाने हुकमाच्या जोडीला तक्रारीलाही जागा ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे तक्रार वर्षअखेरच्या अप्रेझलपर्यंत मुरत पडते. तोवर माणूस राजीनामा टाइप करून मोकळा.

परत आल्यावर शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी कामाचा आढावा शेवटी टाकला आणि आधी फक्त विचारायला लागलो, कुणाचे टाळ वाजतायत? सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघून हसायचे. मग एकदा टेस्टिंगमधली मुलगी बोलली. रिलीज रात्री ठेवता, मला ट्रान्स-हार्बरने पनवेल गाठायचं असतं, पुढे रिक्षा मिळत नाही. इतके महिने हे कुणाला माहीतच नव्हतं. क्लायंटशी बोलून रिलीज दुपारी घेतला. आता दोघांना दुपारची वेळ अडचणीची वाटते. त्यांचं येत्या शुक्रवारी ऐकायचं आहे.