मोझली ओल्ड हॉल : विटांच्या आत लपलेलं लाकडी घर

गेल्या शनिवारी बर्मिंगहॅमहून गाडी काढली आणि वुल्व्हरहॅम्प्टनजवळचं मोझली ओल्ड हॉल बघून आलो. नावात हॉल असला तरी आहे हे शेतावरचं घरच, नंतर बरीच वर्षं इथे कुळं राहायची, १९६२ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. एम ५४ मोटरवे इतका जवळ की बागेतसुद्धा गाड्यांची घरघर ऐकू येत राहते.

समोरून बघितलं तर साध्या लाल विटांचं घर. मला वाटलं असेल फार तर दीडशे वर्षांचं, आणि ते बरोबरच होतं पण फक्त विटांपुरतं! मूळ घर साधारण १६०० सालचं, सगळा सांगाडा लाकडाचा. त्या काळी अशा घरांत ओकचे खांब आणि तुळया उभ्या करायचे आणि मधल्या चौकटी काटक्या विणून वर मातीचा गिलावा देऊन भरायचे, म्हणजे आपल्या कोकणातला कूडच की. पुढे लाकूड कुजायला लागलं तेव्हा १८७० च्या सुमारास बाहेरून विटांची भिंत चढवली, खिडक्याही बदलल्या. जुन्या घराचं रूप घालवलं असं कुणी म्हणेल, मला मात्र पटत नाही, त्या विटांनीच आतलं घर वाचवलंय.

धुराडी नक्की बघा. छपरावरची ती उंच विटांची धुराडी मूळचीच आहेत. लाकडाच्या घरात चूल पेटवायची तर निदान धुराडं तरी विटांचं हवंच ना, म्हणजे या घरात वीट आधी आगीसाठी आली आणि भिंतींना मिळाली पावणेतीनशे वर्षांनी.

आत शिरलं की बाहेरच्या विटा विसरायलाच होतात, सगळीकडे काळपट लाकूड, मी एका खांबावर हात ठेवला तर तो गुळगुळीत आणि गार लागला. क्रॉमवेलच्या सैन्याशी वूस्टरची लढाई हरून जीव वाचवत पळणारा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ८ सप्टेंबर १६५१ ला पहाटे इथे आला, पाय सोलवटलेले, रक्ताळलेले. त्याच्या खोलीला लागून एक छोटं कपाट आहे, त्याच्या जमिनीतली फळी उचलली की खाली भोक, कॅथलिक पाद्री लपवायला केलेलं, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांच्यावर बंदी होती. मी वाकून आत बघितलं, अहो तिथे नीट बसतासुद्धा येणार नाही, आणि चार्ल्स सहा फुटांहून उंच! शोध घ्यायला सैनिक आले तेव्हा तो त्यातच होता, आणि घरमालक थॉमस व्हिटग्रेव्हने संशय येऊ नये म्हणून सगळी दारं सताड उघडी ठेवली, केवढी ती हिंमत.

पोर्चच्या वर एक लहान खोली आहे, तिथूनच चार्ल्सने आपले हरलेले सैनिक रस्त्याने जाताना बघितले होते. खिडकी आता नंतरची आहे, जागा मात्र तीच, मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.