तुम्ही विचारलंत म्हणून: सबस्टेशनची ड्युटी आणि माझी पेटी

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, परवा तर अमळनेर स्टँडवर चहा पिताना एकाने विचारलं, की भाऊ तुम्ही सबस्टेशनला ऑपरेटर, शिफ्ट ड्युटी, रात्री-बेरात्री लोकांचे फोन, मग पेटी वाजवता कधी आणि त्याचा नोकरीला उपयोग तरी काय? मी दरवेळी "बरं वाटतं हो" म्हणून विषय संपवायचो. पण ते उत्तर अर्धवट आहे हे मलाच माहीत होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी त्या "बरं वाटतं"चं सांगतो. ते रोज वाटत नाही. मे महिन्याच्या शेवटी बागायती कापसाची लागवड सुरू होते, विहिरीला थोडंफार पाणी असतं आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून शेतांकडे जाणाऱ्या लाइनला, मोटारीसाठी लागणारी थ्री फेज ठरलेले तासच, त्यात वावधन म्हणजे वादळवारा आला की तारेवर फांदी पडून फीडर ट्रिप म्हणजे आपोआप बंद, मग अख्ख्या ड्युटीत फोन खाली ठेवायला मिळत नाही. अशी ड्युटी करून आल्यावर पेटीवर बसलो तर भाता नीट चालत नाही, हात झटके देतो आणि सूरही तसेच झटके खात येतात. त्यामुळे संगीताने टेन्शन जातं असं जे सर्रास म्हणतात ना, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. माझ्यात फरक पडला तो दुसरीकडेच, आणि तो पडायला चार-पाच वर्षं लागली.

२०१६ साली मी अडतीस वर्षांचा होतो. गावातल्या भजनी मंडळात एक नाना होते, रिटायर्ड मास्तर, त्यांनी दुसरी पेटी घेतली म्हणून जुनी मला दिली, खर्ज-नर अशी डबल रीडची, म्हणजे एक पट्टी दाबली की खालच्या आणि मधल्या सप्तकातला असे दोन स्वर एकदम, दोन पट्ट्या आवाज करायच्या पण सूर चांगला. वर्षभर त्यांनी अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वरांच्या ओळी, आणि भूप राग यापलीकडे जाऊच दिलं नाही. नंतर साथीला बसवलं, आणि पहिल्याच एकादशीला सगळ्यांसमोर ओरडले, "गावनारना पुढे पयू नको रे!" गाणाऱ्याच्या पुढे पळू नको.

यात मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबतो. अभंग ठरलेला असतो, चाल पाठ असते, बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, पुढे कुठे जाणार हे आपल्याला आधीच कळतं, आणि कळतं म्हणून बोटं आधीच तिथे जाऊन बसतात. बुवांचा स्वर अजून निघायचा असतो आणि पेटीतून तो वाजूनही जातो. ऐकणाऱ्याला वाटतं काय हुशार वाजवतोय, पण बुवांचा श्वास तुटतो, त्यांना जे वेगळं काही सुचत होतं ते तिथेच राहून जातं. शिवाय पेटीचा स्वभावच असा, की पट्टी दाबली की स्वर आहे नाहीतर नाही, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिला येत नाही. याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. नाना म्हणायचे, बुवा मींड घेतात तेव्हा तू हात हलका कर, आधीचा स्वर नुसता धरून ठेव, ते पोचले की मग तू पोच. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तिथे ड्युटी बदलून जातो तेव्हा मी गाणाऱ्यापेक्षा साथीदाराचा डावा हातच जास्त बघत बसतो, भाता कुठे सोडतो, कुठे धरून ठेवतो ते.

आता याचा आणि ड्युटीचा संबंध.

लाइनवर काम करायचं असेल तर लाइनमन आमच्याकडून परमिट घेतो, आम्ही ब्रेकर पाडून फीडर बंद करतो, काम झालं की तो परमिट परत करतो आणि मगच लाइन चालू होते. श्रावणातली रात्र होती, पावणेदोन वाजलेले, भुरभुर पाऊस, दोन तास गावाची लाइट गेलेली आणि दर मिनिटाला कोणाचा तरी फोन, "भाऊ, लाइट कवय येई?" तेवढ्यात आमच्या लाइनमनचा फोन आला. "भाऊ, मनं काम व्हई गयं..." आणि तो थांबला. आधीचा मी असतो तर पुढचं वाक्य मीच बोलून टाकलं असतं, झालं ना, परमिट रिटर्न ना, घेऊ का चालू, आणि दमलेला माणूस अशा वेळी हो हो म्हणून जातो. त्या रात्री मी बोललो नाही. मुद्दाम थांबलो असं नाही, सवयीने थांबलो, आधीचा स्वर धरून ठेवतात तसा रिसीव्हर नुसता कानाला लावून. तीन-चार सेकंद त्याचा श्वास आणि पाऊस ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "...पन पोऱ्या आजून पोलवर शे, तो उतरना की फोन करस." पोरगा अजून पोलवर आहे, तो उतरला की फोन करतो.

सगळी माणसं खाली उतरली का हे विचारायचा नियमच आहे, आणि मी ते विचारलंच असतं असं मला आजही वाटतं. पण वाटतंच फक्त. अकरा मिनिटांनी परत फोन आला, मी एकेक नाव विचारलं, परमिट नंबर परत वाचून घेतला आणि मग लाइन घेतली. दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले चहा ठेव.

शेतकऱ्यांच्या फोनचंही तसंच. शिवी देतच सुरुवात करणारा माणूस असतो, पूर्वी मी मध्येच तोडून कारण सांगायचो, वरून लाइन गेली आहे, माझ्या हातात नाही वगैरे, की तो दुप्पट चढायचा. आता त्याला त्याच्या समेवर येऊ देतो, म्हणजे त्याचं आवर्तन पूर्ण होऊ देतो. रोपं सुकतात त्याची, राग खोटा नसतो, आणि मिनिटभराने तोच विचारतो, बरं अंदाजे किती वेळ लागेल? मग खरं तेवढं सांगायचं.

आणि एक आनंदाची गोष्ट, जी मी घरच्यांशिवाय कोणाला सांगितली नव्हती. माझं क्वार्टर सबस्टेशनच्या यार्डाला लागूनच आहे आणि ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट रात्री खिडकीतून येतो. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, प्रत्येक सायकलमध्ये ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा थरथरतो, म्हणजे त्याचा मूळ आवाज १०० कंपनांचा. पेटीवर खर्जाच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, साधारण ९८ ची. एका रात्री ती पट्टी सहज दाबली आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून हेलकावे यायला लागले, सेकंदाला दोन, पाण्यात नाव हलते तसे. पंधरा वर्षं ज्या आवाजाला मी नुसती कटकट समजत होतो तो स्वर होता, पांढरी पाचच्या जरासा वर चढलेला! तेव्हापासून यार्डात राउंड घेताना कान उघडे असतात. थंडीत दव पडलं की इन्सुलेटरचा चर्र आवाज येतो, कुठे जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, सैल असेल तर तो वेगळाच तडतडतो. दोनदा मी असं नुसत्या आवाजावरून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे खरंच काम निघालं.

राहिला वेळेचा प्रश्न. सेकंड शिफ्ट संपवून आलो की जेवण होईपर्यंत साडेअकरा वाजतात, मग अर्धा तास, खर्ज बंद करून एकाच रीडवर, म्हणजे शेजारच्यांची झोप मोडत नाही. नाइट असली की दुपारी उठल्यावर. बायको म्हणते तेवढा वेळ मुलांचा जातो, आणि ते खरं आहे, म्हणून रविवारी पेटी उघडत नाही.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या रथाला बोरी नदीकाठी आमचं मंडळ असतं. नानांचे हात आता थरथरतात, म्हणून पेटीवर मी आणि ते माझ्या डाव्या बाजूला टाळ घेऊन बसतात. अजूनही पुढे पळालो की टाळ थांबतो.