दालू वनरस्ता: परवाना, दरड आणि सायकल

तैवानच्या डोंगरात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेऊन शिरायचं तर सायकलीला हात लावायच्या आधी बरंच काही करावं लागतं. परवाने काढायचे, रस्ता आज जागेवर आहे का याची चौकशी करायची आणि पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसायचं. तैवानच्या वायव्येकडच्या शिंचू शहरात नोकरीसाठी आल्यापासून मी हे हळूहळू शिकत गेले. चिप कंपन्यांमुळे इथे भारतातून येणारी मंडळी आहेत, त्यांत मराठीही आहेत, आणि सायकलीची आवड असलेल्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की सुरुवात कुठून करायची. म्हणून शिंचूजवळच्या डोंगरातल्या ग्वानवूच्या दालू वनरस्त्याचा माझा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

आधी या बेटाबद्दल थोडं. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. पण तेवढ्यात ३,००० मीटरपेक्षा उंच अशी अडीचशेहून जास्त शिखरं आहेत. सगळ्यात उंच युशान, ३,९५२ मीटर. कर्कवृत्त बेटाच्या मधून जातं. त्यामुळे पायथ्याला केळी आणि सुपारीच्या बागा, आणि एका सकाळच्या प्रवासात वर सायप्रसचं जंगल आणि स्वेटरची थंडी.

या जंगलांत जायला जे वनरस्ते आहेत, ते लाकूडतोडीसाठी खोदलेले. काही जपानी राजवटीतले, बरेचसे नंतरचे. नैसर्गिक जंगलातली तोड १९९१ मध्ये बंद झाली, ट्रक थांबले आणि रस्ते मागे राहिले. काहींवर आज झाडं उगवली आहेत, काहींवर पुढे डांबर पडलं, आणि मधले जे उरले ते ग्रॅव्हल सायकलवाल्यांसाठी पर्वणीच. त्याला कारण आहे. लाकडाने भरलेला ट्रक उतरवायचा म्हणून या रस्त्यांचा चढ फार खडा ठेवलेला नसतो. डोंगराच्या प्रत्येक घळीत आत शिरत, पुन्हा बाहेर येत ते तासन्‌तास जवळजवळ एकाच उंचीवरून चालतात. साताऱ्याकडच्या घाटात सायकल चालवलेल्या मला हे नवीन होतं. आपल्याकडे घाट म्हणजे एकदाचा चढायचा आणि एकदाचा उतरायचा.

दालू रस्त्याची पूर्वेकडची शाखा ग्वानवूपासून मादाला ओढ्यापर्यंत जाते, सुमारे वीस किलोमीटर. ग्वानवूच साधारण २,००० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून वर. ओढ्यापलीकडे दाबाज्येन शिखराची पायवाट सुरू होते. तैवानची पाचशेची नोट उलटी करून बघा: हरणांच्या मागे जो पिंपासारखा उभ्या कड्यांचा डोंगर दिसतो, तोच हा. उंची ३,४९२ मीटर. अटायल आणि साइसियात या इथल्या मूळ समाजांसाठी तो पवित्र डोंगर आहे. खासगी मोटारींना या शाखेवर बंदी आहे, त्यामुळे शिखरावर जाणारे ट्रेकर हे वीस किलोमीटर एक तर चालतात, नाही तर सायकल आणतात.

आता कागद. हा सगळा भाग १९९२ मध्ये झालेल्या श्येपा राष्ट्रीय उद्यानात येतो. दोन वेगळे परवाने असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. एक उद्यानात शिरण्याचा, तो उद्यानाचं कार्यालय देतं. दुसरा डोंगरी क्षेत्रात शिरण्याचा, तो पोलिसांकडून मिळतो. पहिला मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळाला असं समजू नका. अर्ज ऑनलाइन होतात. त्यात कुठल्या दिवशी कुठून कुठपर्यंत जाणार, बरोबर कोण, प्रत्येकाचा निवास ओळखपत्राचा किंवा पासपोर्टाचा क्रमांक, आणि तैवानात राहणाऱ्या एका संपर्काच्या माणसाचं नाव व फोन द्यावा लागतो. हा माणूस तुमच्याबरोबर डोंगरात जाणारा नको. तुम्ही ठरल्या वेळी परतला नाहीत तर फोन कोणाला करायचा, त्याचं हे उत्तर असतं. माझ्यासाठी ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ही जबाबदारी घेतली आणि मनापासून निभावली. आमचा नकाशा त्यांनी मागून घेतला, अंधार किती वाजता पडतो ते बघितलं आणि बजावलं, ‘चारच्या आत ग्वानवूला परत आलात की लगेच मला कळवायचं.’

अर्ज मंजूर झाला म्हणजे झालं, असंही नाही. इथला डोंगर सतत हलता आहे. फिलिपिन्स समुद्राचं भूपट्ट आणि युरेशियाचं भूपट्ट इथेच एकमेकांवर रेटले जातात. खडक चुरगळलेला, उतार खडे, त्यावर मे-जूनचा संततधार पाऊस आणि मागोमाग वादळांचा हंगाम. ऑगस्ट २००४ मध्ये एरे वादळात ग्वानवूच्या वाटेवरच्या वूफंग भागात दरड कोसळून वस्ती गाडली गेली. १९९९ च्या सप्टेंबरातल्या भूकंपाने मध्य तैवानचा आडवा महामार्ग ज्या टप्प्यात तुटला, तो अजूनही सर्वांसाठी पूर्वीसारखा खुला झालेला नाही. हे माहीत झाल्यावर ‘रस्ता बंद’ची पाटी बघून चिडावंसं वाटत नाही. वादळाचा जमिनीसाठीचा इशारा निघाला की डोंगर बंद होतात आणि हातातल्या मंजूर परवान्याचा उपयोग राहत नाही. आमची पहिली तारीख अशीच गेली. पुन्हा अर्ज केला, तो नोव्हेंबरचा धरून.

मोबाइलवर उतरवलेल्या मार्गाच्या रेषेवर मी इथे विसंबत नाही. ती रेषा कोणीतरी कधीतरी चालवलेल्या रस्त्याची असते आणि मधे एक वादळ येऊन गेलेलं असतं. निघायच्या आठवड्यात उद्यानाची सूचना वाचायची, आणि आदल्या दिवशी चिनी येणाऱ्या कोणाकडून तरी फोन करून घ्यायचा. फोनवर जी माहिती मिळते ती फार नेमकी असते: कितव्या किलोमीटरला माती आली आहे, सायकल ढकलून जाईल की खांद्यावर घ्यावी लागेल.

शिंचूहून पहाटे मोटारीने निघालो. बरोबर नागपूरचा मित्र, मागे दोन सायकली. वाटेतल्या जूतुंग गावी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात चहाच्या पाण्यात मुरलेली अंडी, समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे त्रिकोण आणि भाजलेली रताळी घेतली. खाण्याचं सामान इथेच भरून घ्या, वर दुकानांच्या भरवशावर राहू नका. पुढे १२२ क्रमांकाचा रस्ता नदीकाठाने छिंगच्युआनवरून चढत जातो. चौकीवरच्या पोलिसाने परवान्याची प्रत घेतली, माझं पासपोर्टावरचं लांबलचक नाव बोटाने एकेक अक्षर जुळवून पाहिलं आणि दोन्ही सायकलींच्या टायरांकडे वाकून बघून अंगठा दाखवला.

ग्वानवूला शाखेच्या तोंडाशी असलेल्या फाटकापलीकडे पहिले काही किलोमीटर मी फारशी बोललेच नाही. एका बाजूला शेवाळलेला कडा, त्यावरून ठिबकणारं पाणी, दुसऱ्या बाजूला दरी. वाटेवरचा खडक पातळ, चपटा, पाटीच्या तुकड्यांसारखा फुटलेला. गोल गोट्यांवर टायर सरकतं. इथे सरकतं कमी, पण तुकड्यांच्या कडा धारदार असतात. म्हणून टायर निदान ४५ मिलिमीटर रुंद, ट्यूबशिवायचं, आत सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) भरलेलं हवं, आणि हवा बेताची. तैवान हा सायकलींचा देश आहे. जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्या १९७२ मध्ये इथेच सुरू झाल्या, मॅक्सिस टायरही इथलेच. त्यामुळे सामान मिळायला अडचण नाही आणि दुकानदार तुमचा मार्ग विचारून टायर सुचवतो.

फोनवर सांगितलेली दरड आली. रस्ता जवळपास पूर्ण ढिगाऱ्याखाली, वर पावलांनी पडलेली हातभर रुंदीची वाट. मित्र म्हणाला, ‘तू आधी सायकल न घेता जाऊन ये, मी वर बघतो.’ तेच बरोबर होतं. एकाने वरून दगड येतोय का यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने न थांबता पार व्हायचं, फोटोबिटो काही नाही. मी पलीकडचं टोक बघून परत आले, मग एकेक करून सायकली खांद्यावर नेल्या. गिअर असलेली बाजू अंगापासून बाहेर ठेवली की सायकल खांद्यावर नीट बसते.

मादाला ओढ्याशी पोचलो तेव्हा सायकलींची रांगच उभी होती. जुन्या घोडा सायकली, महागड्या माउंटन बाइक, एकीला तर पुढे भाजीची टोपली. मालक सगळे वर शिखराच्या वाटेवर. आम्हाला परत फिरायचं होतं. भाताचे त्रिकोण खाल्ले, ब्रेकमधली माती धुतली आणि निघालो. दुपारनंतर इथे ढग भरून येतात आणि काही मिनिटांत दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं, म्हणून पुढे-मागे दोन्ही दिवे भर दिवसाही लावायचे. समोरून थकलेले ट्रेकर चालत येत असतात. वळणावर घंटी वाजवली की ते कड्याकडे सरकतात आणि वर ‘च्या यो’ (जोर लावा!) म्हणून बळही देतात. साडेतीनला फाटक ओलांडलं आणि बाईंना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दरडीचा.

ज्यांना एवढे कागद नको वाटतात त्यांनी मध्य तैवानातला, वूशहून लीशानकडे जाणारा लीशिंग रस्ता बघावा. अटायल वस्त्या, कोबीची शेतं, मधेमधे डांबर वाहून गेलेले खडीचे टप्पे. मात्र तिथे शेतमालाचे ट्रक धावतात, वळणं आंधळी आहेत आणि दरडींची चौकशी तिथेही चुकत नाही. एकट्याने पहिल्यांदा जाण्याजोगा तो रस्ता मला वाटत नाही.

हिवाळ्यात ईशान्येचे वारे उत्तरेकडे पाऊस आणतात, तेव्हा मी दक्षिणेला जाणं पसंत करते. आता डोळ्यासमोर पिंगतुंगचा दाहान वनरस्ता आहे. सायकल पिशवीत घालून रेल्वेने फांगल्याओला उतरायचं आणि तिथून चढायला लागायचं. दाहान डोंगर १,६८८ मीटर, कळसूबाईहून जेमतेम उंच, पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून. तिथेही चौकी आहे आणि डोंगरी क्षेत्राचा परवाना लागतो. वरून पुढे ताइतुंगच्या बाजूला उतरणारी जुनी वाट चालणाऱ्यांची आहे, तिच्यावर सायकल घालू नये; आल्या रस्त्याने परत यावं. अर्ज भरून ठेवला आहे. संपर्काच्या रकान्यात याही वेळी त्याच बाईंचं नाव आहे आणि त्यांनी नकाशा आधीच मागून घेतला आहे.