अंगठ्याचा ठेका

गिटार वाजवणाऱ्याचा अंगठा कुणी मुद्दाम बघत नाही. लेस ब्लँकचा 'अ वेल स्पेंट लाइफ' हा १९७१चा माहितीपट बघताना माझी नजर मात्र तिथून हलेना. पंचाहत्तरीतला अमेरिकन गायक-गिटारवादक मॅन्स लिप्सकम वाजवतोय. बाकीची बोटं सुरांची नक्षी काढतायत आणि अंगठा खालच्या खर्जावर ठोके देतोय, मोटेच्या बैलासारखा, एका चालीत.

अमेरिकेत टेक्सासातल्या नावासोटा गावाच्या आसपास, कापसाच्या शेतात, याचा जन्म गेला. वडील गुलामगिरीतून सुटलेले, फिडल वाजवणारे. जमीन दुसऱ्याची, कसायची अर्धेलीने. शनिवारी रात्री लोक नाचायला जमत, ते पार पहाटेपर्यंत. ढोल नाही, जोडीदार नाही. ठेका काय तो या अंगठ्याचा. तो चुकला की पन्नास पाय अडखळणार! आणि नाचणारे म्हणतील ते वाजवायचं: वॉल्ट्झ म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाच्या चाली, पोवाड्यासारखी लांबलचक कथागीतं, देवाची गाणी, आणि अर्थात ब्लूज, काळ्या अमेरिकनांची दुखऱ्या सुरांची गाणी. कधी खिशातला चाकू तारांवरून घासत न्यायचा, की गिटार विव्हळू लागे. नुसता ब्लूजवाला म्हटलेलं त्याला रुचत नसे.

१९६०मध्ये अर्हूली या रेकॉर्ड कंपनीचा ख्रिस स्ट्रॅकविट्झ आणि लोकसंगीताचा अभ्यासक मॅक मॅकॉर्मिक त्याच्या घरी रेकॉर्डिंग करायला पोचले, तेव्हा तो पासष्टचा होता. अर्हूलीची ती पहिलीच एलपी तबकडी, आधी २५० प्रती काढलेली. मग महोत्सव, टाळ्या, आणि हा माहितीपट.

इतका उशीर झाला म्हणून हळहळावं, असं सगळे म्हणतात. मला तेवढी हळहळ वाटत नाही. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांना काळ्या गायकांकडून बहुतेक ब्लूजच हवा असे, तोही तबकडीच्या एका बाजूवर मावेल असा, तीनेक मिनिटांचा. टेक्सासच्याच ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध ब्लूज गायकाचं त्यात नाव झालं. १९२९मध्ये तो शिकागोत वारला. मॅन्स तेव्हा कंपन्यांच्या हाती लागता, तर त्याच्या वॉल्ट्झचं काय झालं असतं कोण जाणे. अर्थात, अर्धेलीचे दिवस सोन्याचे होते असं मुळीच नाही. राबणारा एक आणि वही मालकाच्या हातात, तिथे हिशोब कुणाच्या बाजूने लागायचा हे सांगायला नको.

२०११मध्ये नावासोटात त्याचा पुतळा बसवला. शनिवारी रात्री त्याच्यासमोर कुणी नाचतं का, हे एकदा जाऊन बघायला हवं.