तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या ‘तोस्का’त कॅमेरे का नाहीत?

प्रयोग संपला की बाहेर चहाच्या टपरीवर कुणीतरी गाठतंच. ‘पुच्चिनीचा १९०० सालचा ऑपेरा आजच्या पाळतीच्या राज्यात आणलात म्हणता, मग स्टेजवर एकही कॅमेरा कसा नाही?’

होते हो. पहिल्या तालमींना सहा होते, मागे तीन मोठे स्क्रीन. सगळं भाड्याचं. दुसऱ्या अंकाशी आलो आणि नाटक ढासळलं. मूळ गोष्ट जून १८०० मधल्या रोमची. तुरुंगातून पळालेला आंजेलोत्ती चित्रकार काव्हारादोस्सीच्या बागेतल्या विहिरीत लपतो. पोलीसप्रमुख स्कार्पियाला तो सापडत नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण. चौकाचौकात कॅमेरे असते तर तो विहिरीपर्यंत पोचला असता कशाला? आमचा प्रकाशयोजनावाला म्हणाला, “लोडशेडिंग दाखवू.” एक अख्खा दिवस मी त्यावर गंभीरपणे विचार केला.

तालीम सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये चालायची. गेटवर कॅमेरा होता, पण बंद पडलेला. तरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री बातमी: ‘१०.५०. नाटकवाली मुलगी आज भलत्याच्याच गाडीवर.’ वर पाहिलं तर पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या खिडकीचा पडदा चार बोटं सरकलेला.

संहिता परत काढली. स्कार्पियाकडे हेर आहेतच, पण चर्चमध्ये एका सरदारणीचा पंखा सापडतो आणि तो दाखवून हा माणूस गायिका तोस्काचा संशय पेटवतो. ती थेट प्रियकराच्या, म्हणजे काव्हारादोस्सीच्या घराकडे निघते. मागे त्याचा हुकूम केवढा, तर ‘तीन शिपाई, एक गाडी’. आमच्याकडे पंख्याऐवजी फोटो फॉरवर्ड होतो. तोस्का चिडून काव्हारादोस्सीचं लाइव्ह लोकेशन उघडते. ते तिनंच हट्टानं सुरू करायला लावलेलं असतं. शिपाई तिच्या रिक्षामागे.

कॅमेरे दुसऱ्या दिवशी परत केले. (संहिता मात्र प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागलीच. पाळतीवरचं नाटक आधी सरकारनं वाचायचं!)

मला खरी भीती तिसऱ्या अंकाची वाटते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तोस्का स्कार्पियाला भोसकते. पण त्याआधी त्यानं पकडलेल्या काव्हारादोस्सीच्या मृत्युदंडाबद्दल हाताखालच्याला सांगून ठेवलंय: गोळीबार खोटा, ‘पाल्मिएरीच्या वेळी केला तसा’. ऐकणाऱ्याला इशारा कळतो, तोस्काला नाही. पहाटे किल्ल्याच्या गच्चीवर गोळ्या खऱ्याच सुटतात. हुकूम देणारा रात्रीच मेलाय, हुकूम चालूच. आमचा वाद्यवृंद म्हणजे एक पियानो नि एक पेटी, तरी ऑपेरा ज्यांनी सुरू होतो ते स्कार्पियाचे तीन कॉर्ड पियानोवर वाजले की तालमीतसुद्धा कुणी हलत नसे.

त्या अंकभर स्कार्पियाचा मोबाइल टेबलावर तसाच ठेवलाय. अधूनमधून उजळतो, गोळीबाराच्या जरा आधी एकदा. मागच्या रांगांतून दिसत नाही अशी तक्रार आहे. पुढच्या वेळी जरा लवकर येऊन पुढे बसा.