सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचं जुनं वर्कस्टेशन घ्यावं का? माझा अनुभव

घ्यावं. पण आधी एनव्हीरॅम चिपचं (मशीनची ओळख जपून ठेवणारी छोटी मेमरी) काय, ते विचारा. माझं घोडं तिथेच अडलं.

मी सॅन होजेला राहतो. १९९४ चं स्पार्कस्टेशन ५ जवळच मिळालं, गाडीत घालून आणलं. चालू केलं आणि पडद्यावर हेच: आयडीप्रॉममधला (त्या चिपमधल्या ओळखीच्या भागातला) मजकूर अवैध.

सनने घड्याळ, होस्टआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची ओळख) एकाच एम४८टी०८ या एनव्हीरॅम चिपमध्ये ठेवला, आणि तिची लिथियम बॅटरी चिपच्या आतच रेझिनमध्ये गाडली. दहाएक वर्षांत ती संपते, मग मशीनला स्वतःची ओळखच राहत नाही. मी ऑनलाइन 'नवी' चिप मागवली. आली ती जुनी, मूळ छाप घासून वर ताजी तारीख मारलेली, बॅटरी मेलेली. तक्रार केली तर विक्रेत्याने फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, शेवटी बदली म्हणून पाठवली तीही तसलीच. मशीन तोवर टेबलावर उघडं पडून. त्या माणसाचा मला अजून राग येतो. जुन्या यंत्रांवर जीव लावणाऱ्यांनाच हे लोक फसवतात.

मग मूळ चिपच हातात घेतली. कानशीने एका टोकाचं रेझिन घासून आतल्या बॅटरीचे जोड उघडे केले, ते तोडले आणि सीआर२०३२ सेलचा होल्डर सोल्डर केला. घासताना मास्क लावाच. आणि त्याआधी चिपवरच्या स्टिकरचा फोटो काढा, मूळ पत्त्याचे आकडे त्यावर असतात. मग ओपनबूट या सनच्या बूट प्रोग्रॅमच्या 'ओके' प्रॉम्प्टवर एमकेपी आज्ञेने ओळखीचा एकेक बाइट भरायचा. सनचा पत्ता ८:०:२० ने सुरू होतो. सोळावा, शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सॉर, बिट-बिट जुळवून काढलेला पडताळणीचा आकडा. ओपनबूटमध्ये फोर्थ ही अख्खी प्रोग्रॅमिंग भाषा आहे, तो हिशोब तिच्याकडूनच करून घेता येतो. मशीन सुरू होतानाच्या बॅनरमध्ये खरा पत्ता उमटला तेव्हा मी मोठ्याने ओरडलो.

१३डब्ल्यू३ या सनच्या जुन्या मॉनिटर-जोडाचा अडॅप्टर नसेल तर अडू नका. कीबोर्ड न जोडता चालू करा, सगळं सिरियल पोर्टवर ९६०० बॉडच्या वेगाने येतं.

नुसतं सोलॅरिस २.६ (सनची ऑपरेटिंग सिस्टीम) बघायचं असेल तर क्यूएमू हा एम्युलेटर हेच मशीन फुकटात उभं करतो. वेगासाठी तर घेऊच नका. यंत्राला हात लावून ते आतून समजून घ्यायचं असेल तरच घ्या, आणि आयडीप्रॉमची तक्रार दिसली की भाव पाडून मागा. बाकी मशीन बहुधा ठणठणीत असतं.